यंत्रांच्या नगरीतील ग्रंथपाल



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा हा प्रशिक्षणाचे मोल पुरते जाणणारा पट्टा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शेतशिवारावर कारखान्यांची छपरे चढली. पुढे हीच रांग मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तोवर एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे हे गाव मोटारींचे गाव बनले होते. या साऱ्या कारखान्यांत भांडवल वेगळे, मालक वेगळे, उत्पादन वेगळे. पण एक नियम मात्र सर्वत्र सारखा. शिकल्याशिवाय कोणालाही यंत्राला हात लावू दिला जात नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तर कामगार घडविण्याची जबाबदारी उद्योगांवरच टाकली. नवे यंत्र आले की नवा वर्ग, नवी प्रणाली आली की पुन्हा वर्ग. तीस वर्षे नोकरी झालेला जुना जाणता कारागीरही वहीपेन्सिल घेऊन त्या वर्गात बसतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आता याच पट्ट्यातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचे दार उघडून पाहावे. टेबलामागे एक व्यक्ती बसलेली असते. पुस्तकांची देवघेव तीच करते, वर्गणीच्या पावत्या तीच फाडते, वर्तमानपत्रे तीच लावते, दाखलखात्यात नोंदी तीच करते आणि अनेकदा सकाळी झाडूही तीच मारते. त्या व्यक्तीने ग्रंथालयाचे शिक्षण घेतले असेल, तर ते बहुधा एकदाच, नोकरीच्या आरंभी. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जग बदलले, वाचक बदलला, पुस्तकाचे रूपही बदलले. परंतु त्या टेबलामागच्या माणसाला कोणी पुन्हा वर्गात बोलावले नाही. लोखंडाला आकार देणाऱ्या हातांसाठी एवढी व्यवस्था आणि मनाला आकार देणाऱ्या हातांसाठी कोणतीच नाही, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

बडोद्याचा धडा

ग्रंथपाल हा नेमायचा नसतो, घडवायचा असतो, ही गोष्ट भारतात सर्वप्रथम एका मराठी राजाने ओळखली. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या खेड्यात जन्मलेले आणि पुढे बडोद्याच्या गादीवर आलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु सक्तीने शिकलेले मूल शाळा सोडल्यावर वाचणार काय, हा प्रश्न त्यांना पडला. वाचायला काही मिळाले नाही तर चार वर्षांत अक्षरओळख पुसली जाते आणि शाळेवरचा सारा खर्च वाया जातो, हे त्यांच्या व्यवहारी बुद्धीला पटले होते. म्हणून त्यांनी गावोगावी वाचनालयांची योजना आखली.

या योजनेतील खरे शहाणपण पुढेच आहे. महाराजांनी केवळ इमारती आणि पुस्तके यांची तरतूद केली नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि विल्यम ॲलन्सन बोर्डन या जाणकार ग्रंथपालाला त्यांनी १९१० साली बडोद्यास पाचारण केले. बोर्डन यांनी १९११ साली तेथे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथपाल-प्रशिक्षणाचा आरंभ तो हा. लाहोरला पंजाब विद्यापीठात असा वर्ग निघाला तो त्यानंतर, १९१५ साली. अमेरिकेत मेल्विल ड्युई यांनी पहिले ग्रंथालय विद्यालय काढले होते १८८७ साली. म्हणजे पाव शतकाच्या आत एका भारतीय संस्थानाने जगातील नवी विद्या आपल्या मातीत आणून रुजवली.

बोर्डन तीन वर्षांत परत गेले. पण काम थांबले नाही, कारण महाराजांनी परक्या तज्ज्ञाकडून आपली माणसे तयार करून घेतली होती. बोर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ती धुरा वाहिली. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ज्या ग्रंथपालाला वर्गात येणे शक्य नाही, त्याच्या टेबलावर महिन्या-तीन महिन्यांनी ज्ञान पोहोचविण्याचा तो मार्ग होता. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरविणारी फिरती ग्रंथालये, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग या गोष्टी बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखविल्या. त्या चालल्या, कारण त्या चालविणारी माणसे शिकलेली होती.

गणिताच्या प्राध्यापकाचे उदाहरण

बडोद्यानंतर दुसरे उदाहरण आठवते ते शियाळी रामामृत रंगनाथन यांचे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रतिमेला हार घातला जातो. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बोधप्रद प्रसंग क्वचितच सांगितला जातो. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले, तेव्हा त्या कामाचा त्यांना गंधही नव्हता. ग्रंथालयातील एकाकीपणाला ते इतके कंटाळले की, पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची त्यांची इच्छा झाली. विद्यापीठाने मात्र त्यांना आधी शिकण्यासाठी लंडनला पाठविले. तेथे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे धडे घेतले, प्रत्यक्ष सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन काम पाहिले आणि १९२५ साली ते परतले ते एक वेगळाच माणूस होऊन.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री ग्रंथरूपाने मांडली. पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहे. प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याच्या जोडीचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय हे सतत वाढणाऱ्या जिवंत शरीरासारखे आहे, असा तिचा आशय. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. या साऱ्याच्या आधी, १९२९ साली, मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला होता. स्वतः शिकल्यानंतर त्यांचे पहिले पाऊल इतरांना शिकविण्याचे पडले.

या उदाहरणाचा अर्थ सरळ आहे. कामाला कंटाळलेला एक बुद्धिमान माणूस योग्य प्रशिक्षणाने जगन्मान्य शास्त्रज्ञ झाला. आज आपल्या वाचनालयांत कंटाळून बसलेली माणसे दिसतात, तेव्हा दोष त्यांच्या वृत्तीला देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. त्यांना कोणी कधी कोठे पाठविले होते काय?

महाराष्ट्राची वाटचाल

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याच्या आजच्या नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ चा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. कायद्याच्या बाबतीतही मराठी मुलूख मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्यातून ग्रंथालय संचालनालय उभे राहिले, ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड असे वर्ग मिळाले आणि वर्गवारीनुसार शासकीय अनुदान मिळू लागले. आज राज्यात अशी अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत. दुसऱ्या काही प्रांतांत ग्रंथालय म्हणजे सरकारी कचेरीचा एक विभाग असतो; महाराष्ट्रात ते बहुतांशी समाजाने चालविलेले आणि शासनाने साहाय्य केलेले असते. हे आपल्या चळवळीचे वैशिष्ट्य आहे आणि बळही आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही व्यवस्था मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या मान्यतेने जिल्हा ग्रंथालय संघ ग्रंथालय प्रमाणपत्र वर्ग चालवितात. हा वर्ग सहा महिन्यांचा असतो आणि त्याची परीक्षा संचालनालय घेते. त्यासाठी पदवीची अट नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आज जे ग्रंथपाल काम करीत आहेत, त्यांतील असंख्यांनी दाखलनोंद, वर्गीकरण, तालिकीकरण आणि देवघेव यांचे पहिले धडे याच वर्गात गिरविले. त्यावरची पायरी म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी. पुण्यात विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा विभाग अनेक दशके कार्यरत आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे मार्ग मोकळे आहेत. मुक्त विद्यापीठाचा लाभ असा की, चाकणच्या ग्रंथपालाला वाचनालय बंद ठेवून रोज पुण्याला जावे लागत नाही.

याखेरीज कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. १९७२ साली स्थापन झालेली ही केंद्र शासनाची स्वायत्त संस्था केवळ पुस्तके देते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः चर्चासत्रे, कार्यशाळा आणि अभिमुखता वर्ग यांसाठीही तिच्या योजनांत साहाय्याची तरतूद आहे. केंद्र शासनाने २०१२ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय ग्रंथालय अभियानात तर ग्रंथालय कर्मचाऱ्यांची क्षमतावृद्धी हा स्वतंत्र विषयच धरला गेला. घरबसल्या शिकण्यासाठी २०१७ पासून ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ उपलब्ध आहे आणि त्यावर ग्रंथालयशास्त्राचेही पाठ्यक्रम येत असतात. म्हणजे वाटा आहेत. प्रश्न आहे तो त्या वाटांवर चालू शकणाऱ्या पायांचा.

गाडे अडते कोठे?

गाडे अडते ते तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण पैशाचे. ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ नंतरची दहा वर्षे वार्षिक अनुदान होते तीस हजार रुपये. त्यातील निम्मा वाटा वेतनासाठी. म्हणजे वर्षाला पंधरा हजार आणि महिन्याला साडेबाराशे. पुढे अनुदानात साठ टक्क्यांची वाढ मंजूर झाली, ती स्वागतार्हच होती. तथापि साडेबाराशेचे दोन हजार झाल्याने गणिताचे स्वरूप बदलत नाही. ज्या पट्ट्यात कारखान्याच्या दारावर उभा राहणारा सुरक्षारक्षक याच्या कितीतरी पट कमावतो, त्या पट्ट्यात एवढ्या मानधनावर काम करणारा माणूस स्वतःच्या खिशातून प्रशिक्षणाचे शुल्क आणि प्रवासखर्च कसा भरणार? या कामात टिकून राहिलेली माणसे केवळ ग्रंथप्रेमाने टिकली आहेत. त्यांच्या निष्ठेची आरती ओवाळून त्यांच्या अडचणींकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

दुसरे ठिकाण वेळेचे. लहान वाचनालयात एकच कर्मचारी असतो. तो दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेला, तर वाचनालयाला कुलूप लागते. मग कार्यकारी मंडळाला वाटते, हा गेलाच नाही तर बरे. कारखान्यात एक कामगार शिकायला गेला की, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. म्हणून तेथे प्रशिक्षण होते. वाचनालयात ‘जागेवर दुसरा’ ही सोयच नाही.

तिसरे ठिकाण मात्र पैशाचे नाही, वेळेचेही नाही. ते दृष्टीचे आहे. ग्रंथपालाला शिकायचे काय असते, पुस्तक काढून द्यायचे आणि नोंद करायची, असे समाजातील सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनाही वाटते. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत इमारतीचा रंग, व्याख्यानमालेचे वक्ते आणि लेखापरीक्षण यांवर तासन् तास चर्चा होते. आमच्या ग्रंथपालाने या वर्षी नवीन काय शिकावे, हा विषय विषयपत्रिकेवर येत नाही. पैसा आणि वेळ यांची अडचण दूर करता येते. ही तिसरी अडचण दूर झाल्याशिवाय पहिल्या दोन दूर करण्याची इच्छाच होत नाही.

शिकायचे काय?

या औद्योगिक पट्ट्यात ग्रंथपालाने काय शिकावे, याचे उत्तर येथील वाचकाकडे पाहिल्यावर मिळते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या वर होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत वाढलेली ही सात लाख माणसे आली कोठून? मराठवाड्यातून आली, विदर्भ-खानदेशातून आली, सोलापूर-सांगलीकडून आली आणि उत्तर व पूर्व भारतातूनही आली. त्यांतील बहुतेकांना येथे नातेवाईक नाही, ओळखीचा कट्टा नाही. पाळीपाळीने कामाला जाणारा तरुण खोलीवर येतो, झोपतो आणि पुन्हा कामाला जातो. त्याच्यासाठी वाचनालय हे गावातील पहिले आपुलकीचे दार ठरू शकते. परंतु ते दार रात्रपाळी संपवून येणाऱ्याला सकाळी उघडे सापडले पाहिजे आणि आत गेल्यावर त्याच्याशी बोलणारे कोणी भेटले पाहिजे. कोणत्या वाचकाला काय हवे, हे त्याच्या न बोललेल्या प्रश्नातून ओळखणे ही संदर्भसेवेची विद्या आहे आणि ती शिकावी लागते.

दुसरा वाचक म्हणजे स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी. आज महापालिकेच्या आणि खासगी अभ्यासिका अशा मुलामुलींनी भरलेल्या असतात. पण अभ्यासिका म्हणजे टेबल, खुर्ची आणि पंखा एवढेच राहिले, तर ते ग्रंथालय नव्हे. योग्य संदर्भ कोणता, जुने कोणते आणि अद्ययावत कोणते, शासनाची अधिकृत माहिती कोठे मिळते, हे सांगणारा ग्रंथपाल तेथे असेल, तर त्या मुलांची वर्षे वाचतील. वाचकाचा वेळ वाचविण्याचे रंगनाथन यांचे सूत्र येथे शब्दशः लागू पडते.

तिसरा वाचक म्हणजे मूल. इंग्रजी माध्यमात शिकणारे मराठी घरातील मूल आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणारे परप्रांतीय घरातील मूल, ही दोन्ही चित्रे या पट्ट्यात शेजारी शेजारी दिसतात. पहिल्याला मराठी वाचनाची गोडी लावायची आहे, दुसऱ्याला मराठीत सामावून घ्यायचे आहे. गोष्ट सांगण्याची कला, वयोगटानुसार पुस्तकांची निवड आणि पालकांशी संवाद या गोष्टी बालविभागाच्या प्रशिक्षणात शिकविता येतात. मराठीच्या भवितव्यावर सभांमधून चिंता व्यक्त करण्यापेक्षा एक चांगला बालग्रंथपाल तयार करणे अधिक फलदायी ठरेल.

चौथा विषय संगणकाचा. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालय संस्थेने १९९९ साली आपल्या गरजेपोटी ‘कोहा’ ही संगणकप्रणाली तयार करविली आणि ती जगाला मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा या शब्दाचा अर्थच मुळी भेट असा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली विकसित केली आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. त्याद्वारे शालेय पाठ्यसाहित्यापासून संशोधनापर्यंतचे भांडार कोणालाही उघडता येते. थोडक्यात, साधने मोफत आहेत. परंतु अनेक वाचनालयांतील संगणक धूळ खात पडलेले असतात किंवा त्यांवर फक्त पत्रे टंकलिखित होतात. युनिकोड मराठीत नोंद कशी करावी, एका लेखकाचे नाव पाच प्रकारे लिहिले गेल्यास यादी कशी बिघडते, साठवलेल्या माहितीची दुसरी प्रत का ठेवावी, या साध्या गोष्टी कोणी दाखवून दिलेल्या नसतात. साधन फुकट मिळते. ते वापरणारा माणूस घडविण्याला मात्र किंमत मोजावी लागते.

उद्योगनगरीचे बळ

ही किंमत कोण मोजणार? शासनाने आपला वाटा उचललाच पाहिजे. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती यांची ग्रंथालय कर्मचाऱ्यांची मागणी न्याय्य आहे आणि ती सोडविल्याशिवाय शिकलेली माणसे या कामात राहणार नाहीत. पण शासनाकडे बोट दाखवून समाजाला मोकळे होता येत नाही. विशेषतः या पट्ट्याला तर मुळीच नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. कोणती कामे यात धरावीत, याची यादी त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी हा शब्दप्रयोग स्पष्टपणे आलेला आहे. आणि शिक्षण व व्यवसायकौशल्यांची वाढ हाही विषय त्याच यादीत आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत अशा किती कंपन्या आहेत, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. आजवर या निधीतून वाचनालयांना काही मिळाले, तर ते कपाटे, संगणक आणि पुस्तकांचे संच या रूपाने. कपाटाचे छायाचित्र चांगले येते. प्रशिक्षणाचे येत नाही. परंतु ज्या कंपन्या स्वतःच्या कामगाराला शिकविल्याशिवाय यंत्रापाशी जाऊ देत नाहीत, त्यांना दहा संगणकांबरोबर एका माणसाच्या शिक्षणाचा खर्चही द्या, हे पटवून देणे अवघड जाऊ नये. त्यांची भाषा हीच आहे.

पैशाहूनही मोलाची गोष्ट उद्योगांकडे आहे आणि ती म्हणजे शिकविण्याची शिस्त. जपानकडून आलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत येथील कारखान्यांत कामगारांच्या अंगवळणी पडली आहे. नको ते वेगळे काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छता राखा, पद्धत ठरवा आणि ती टिकवा, असे तिचे सार. ग्रंथालयाच्या निगराणीला हीच सूत्रे हवी असतात. फाटकी आणि कालबाह्य पुस्तके बाजूला काढणे, प्रत्येक पुस्तक आपल्या क्रमाच्या जागी असणे, वर्षातून एकदा ग्रंथपडताळणी होणे, या गोष्टींचा पाठ एखादा निवृत्त पर्यवेक्षकही ग्रंथपालाला देऊ शकेल. कारखान्यातून निवृत्त झालेले, संगणकाचे जाणकार, हिशेब जाणणारे असे कितीतरी गृहस्थ आज निगडी-प्राधिकरणात, चिंचवडला, भोसरीला आहेत. आपल्या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, असे त्यांना वाटते. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस वाचनालयाच्या टेबलामागे बसण्याची जबाबदारी घेतली, तर ग्रंथपालाला वर्गाला जाता येईल. ‘जागेवर दुसरा’ नाही, ही अडचण अशी समाजालाच सोडविता येते.

यासाठी फार मोठी योजना नको. पिंपरी-चिंचवड आणि खेड तालुक्यातील वाचनालयांनी एकत्र यावे. महिन्यातून एक दिवस एका वाचनालयात सर्व ग्रंथपालांनी जमावे. एका महिन्यात वर्गीकरण, दुसऱ्या महिन्यात संगणकनोंद, तिसऱ्या महिन्यात बालवाचक, चौथ्या महिन्यात जुन्या ग्रंथांचे जतन, असा वर्षाचा अभ्यासक्रम ठरवावा. महाविद्यालयांतील प्रशिक्षित ग्रंथपाल या भागात आहेत, त्यांना शिकविण्यासाठी बोलवावे. प्रत्येक वाचनालयाने आपल्या अंदाजपत्रकात ‘ग्रंथपाल-प्रशिक्षण’ असा एक रकाना उघडावा. पहिल्या वर्षी त्यात पाचशे रुपये पडले तरी चालतील. ज्या ग्रंथपालाने प्रमाणपत्र वर्ग केलेला नाही, त्याचे शुल्क संस्थेने भरावे. ज्याने केला आहे, त्याला पदवीसाठी उभे करावे. आणि वर्गाहून परतलेल्या ग्रंथपालाला कार्यकारी मंडळाने अर्धा तास समोर बसवून विचारावे की, काय शिकलात आणि येथे काय बदलायचे? तो प्रश्न विचारला गेला, तर शिकलेले कामाला येईल. नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवर लागेल आणि वाचनालय होते तेथेच राहील.

ज्ञानाचा वारसा आणि त्याचे वारसदार

हा पट्टा नुसता कारखान्यांचा नाही. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधून वाहणारी इंद्रायणी, अशी या भूमीची ओळख शेकडो वर्षांची आहे. तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेले भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर चाकणच्या कारखान्यांतून दिसावेत इतके जवळ आहेत. २०१६ सालच्या जानेवारीत एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले, तेव्हा कामगारांच्या या नगरीने ग्रंथांचे किती उत्साहाने स्वागत केले, ते महाराष्ट्राने पाहिले. भूक आहे. वाढणारा हात तयार करायला हवा.

सामाजिक कामात वावरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे की, कार्यकर्ता आपोआप घडत नाही. त्याच्यासाठी वर्ग घ्यावे लागतात, त्याच्या घरी जावे लागते, त्याच्या अडचणी समजून घ्याव्या लागतात, त्याला जबाबदारी देऊन मागे उभे राहावे लागते. ग्रंथपाल हाही असाच एक कार्यकर्ता आहे. तो घोषणा देत नाही, त्याचे नाव वृत्तपत्रांत येत नाही. परंतु एका वस्तीत तीस वर्षे बसून तो किती मुलांच्या हाती कोणते पुस्तक ठेवतो, यावर त्या वस्तीचे उद्याचे मन ठरत असते.

सयाजीरावांपाशी राज्य होते, म्हणून ते हे करू शकले, असे म्हणून सुटका करून घेता येईल. परंतु त्यांच्या राज्यातील गावकऱ्यांनाही वाचनालयासाठी आपला वाटा स्वतः उभा करावा लागत होता. तो उभा केला, तरच सरकारचा वाटा मिळत असे. समाजाने एक पाऊल टाकायचे आणि मग व्यवस्थेने दुसरे, हा तो शिरस्ता. तेव्हा या आठवड्यात आपापल्या भागातील वाचनालयात एकदा जावे. वर्गणी भरलेली नसेल तर भरावी. आणि टेबलामागे बसलेल्या त्या ताईंना किंवा दादांना पुस्तक मागण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: तुम्हांला काय शिकायचे आहे? हा प्रश्न त्यांना बहुधा प्रथमच विचारला जात असेल. उत्तर ऐकण्यासाठी थोडा वेळ काढून जावे.